बांद्याच्या सोनाराकडे काढलेले तीन हजार

मालवणहून परत आल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. किल्ला पाहिलात का, आणि मासे कुठे खाल्लेत? मी दोन्हींची उत्तरं देतो, पण माझं मन त्यात नसतं. मला सांगायचं असतं ते असं, की त्या बाजूला जाणार असाल तर रोख रक्कम दोन ठिकाणी ठेवा, होडीतून वाकू नका, आणि क्रेडिट कार्डाबरोबर टपालाने जे बंद पाकीट येतं ते शहाणपणा करून फाडू नका. एवढं ऐकून लोक म्हणतात, "बरं, पण किल्ला कसा होता?" म्हणून आता लिहूनच काढतो.

गोष्ट दोन हजार चार सालची. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. मी पुण्यात एका हिशेबतपासनिसांच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून नुकताच मोकळा झालो होतो. सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, आदल्या वर्षी मोठं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले हवापालट करा, आणि ती म्हणाली समुद्र. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढ्यात तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मी लगेच हो म्हटलं आणि मग स्वस्तात कुठे राहता येईल ते शोधायला लागलो.

सोमवार, देवबाग

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला गेलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे माड आणि घरं. रस्त्यावर उभं राहून दोन्हीकडे मान वळवली की दोन्हीकडे पाणीच दिसतं. सुमन पहिल्या दिवशी नुसती मान वळवत बसली होती.

आम्ही उतरलो होतो ते शालनवहिनींच्या घरी. त्यांचे यजमान वासूभाऊ स्वतःच्या होडीने मासेमारी करतात. घराला लागून दोन खोल्या बांधून त्या पाहुण्यांना देतात. दोघांचं राहणं-जेवणं दिवसाला चारशे रुपये. हा दर ऐकून मी घासाघीस केली नाही, यावरून तो किती रास्त होता ते ओळखा.

सकाळी घावणे, दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि आमटीत बुडालेले बांगडे, वर सोलकढी. पुण्यात आमच्याकडे मासा म्हणजे वर्षातून दोनदा, तोही हॉटेलात. सुमनला काटे काढता येईनात, तेव्हा शालनवहिनी तिच्या शेजारीच बसल्या. "आधी कडेचे काटे काडूचे, मगे मदलो. घाई करू नको गो, बांगडो खंय पळान जाता?" ऑपरेशननंतर घास मोजून खाणारी माझी बायको तिथे दुसऱ्यांदा भात मागून घेऊ लागली. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचं नव्हतं.

आम्ही जाऊन तीन दिवस झाले होते. सोमवारी दुपारी पोस्टमन एक पत्र देऊन गेला. शालनवहिनींची मुलगी दर्शना बारावी झालेली. नर्सिंगच्या कोर्सला तिचं नाव प्रतीक्षा यादीत अडकलं होतं, ते वर सरकलं होतं. ओरोसच्या ऑफिसात शुक्रवारी दुपारपर्यंत तीन हजार रुपये भरायचे, नाही भरले तर जागा पुढच्या मुलीला. दर्शना ते पत्र हातात धरून खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी होती. ती तशी अबोल, पण त्या दिवशी तिने सुमनला ते तीनदा वाचून दाखवलं.

शालनवहिनी सुमनला म्हणाल्या, "तुमच्या पायगुणान झाला ह्या! होडयेचा इंजिन आत्ताच उघडून बसवला, सगळे पयशे त्यात गेले. पण तुमचे खोलयेचे येतले, तेच थंय भरतलंव. काय काळजी नाय."

आमचं आठ दिवसांचं बिल बत्तीसशे होणार होतं. माझ्या पाकिटात सहा हजार होते. खरंच काही काळजी नव्हती.

मंगळवार, संगमावर

कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे डॉल्फिन दिसतात असं वासूभाऊंनी सांगितलं होतं. सकाळी ते आम्हाला होडीतून घेऊन गेले. डॉल्फिन दिसले. एकदम तीन. सुमन लहान मुलीसारखी ओरडली आणि मी तिच्या बाजूला वाकलो. वाऱ्याने माझी टोपी उडाली. ती मी अगदी चपळाईने पकडली, आणि त्या चपळाईत शर्टाच्या वरच्या खिशातलं पाकीट पाण्यात पडलं.

टोपी चाळीस रुपयांची होती.

वासूभाऊंनी एका क्षणाचाही विचार केला नाही. इंजिन बंद करून त्यांनी पाण्यात उडी घेतली. तीनदा बुडी मारून वर आले. ओहोटीची ओढ होती, पाकीट कधीच बाहेर गेलं असणार. होडीच्या कडेला धरून धापा टाकत ते म्हणाले, "माशांची दिवाळी झाली, सायबानू!" आणि हसले. मला हसायला येईना.

आता माझ्याजवळ काय उरलं होतं? परतीची तिकिटं आणि माझं फोटोचं ओळखपत्र सुमनच्या पिशवीत होतं. तिच्या पर्समध्ये पाचशे रुपये होते. आणि माझ्या बनियनला आतून शिवलेल्या खिशात एक क्रेडिट कार्ड होतं, दोन महिन्यांपूर्वी आलेलं, एकदाही न वापरलेलं.

घरी आल्यावर वासूभाऊंनी शालनवहिनींना सांगितलं. त्या "अरे देवा" म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. फीचं नाव त्यांनी काढलं नाही, मंगळवारी नाही आणि पुढेही नाही. जेवताना मात्र रोजच्यापेक्षा मोठा तळलेला सरंगा माझ्या ताटात आला. दर्शनाने तो वाढला आणि वर विचारलं, "काका, सोलकढी घेतास?"

खोलीत आल्यावर सुमन म्हणाली, "त्या मुलीचं वर्ष तुमच्या पाकिटात होतं हो." तिला रडू आलं. पुण्याहून मेहुण्याने मनिऑर्डर केली असती तरी ती पुढच्या सोमवारच्या आत पोचणार नव्हती. वाडीतल्या सगळ्यांनीच पावसानंतर जाळी आणि इंजिनं दुरुस्त करून घेतलेली, तेव्हा शेजारीपाजारीही कोणाच्या हातात रोकड नव्हती. पैसे आणायचे तर मलाच आणायचे होते.

बुधवार, मालवण

इथे माझा स्वभाव सांगणं भाग आहे. कार्ड घेताना मी त्याच्या नियमांचा कागद भिंग लावून वाचला होता. दुकानात वस्तू घेतली तर पन्नास दिवसांपर्यंत एक पैसा व्याज नाही. पण त्याच कार्डाने रोख पैसे काढले, तर काढल्या दिवसापासून व्याज आणि वर कमीत कमी तीनशे रुपये आकार. हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. या कार्डाने मी कधीही रोकड काढणार नाही अशी मी मनाशी शपथ घेतली, आणि मोह नको म्हणून एटीएमचा पिन आलेलं पाकीट न उघडताच फाडून टाकलं. सुमनला त्या वेळी मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलंही होतं.

बुधवारी मालवणच्या बाजारातल्या एटीएमसमोर आम्ही दोघं उभे होतो. आत थंडगार हवा, भिंतीवर सूचना, आणि यंत्र विनम्रपणे पिन मागत होतं. सुमन त्या सूचना एकेक करून वाचत होती. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

समोरच्या एसटीडी बूथवरून कार्डवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग संगीत. बूथवाल्याच्या यंत्रावरचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली. नवा पिन दहा दिवसांत पुण्याच्या पत्त्यावर येईल म्हणाली. घाई असेल तर पणजीच्या शाखेत जा, कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र दाखवा, दुपारी दोनच्या आत खिडकीवर रोख मिळेल. तीनशे रुपये आकार, आणि व्याज त्याच दिवसापासून.

"तीन हजारांवर तीनशे?" मी ओरडलो.

"कमीत कमी, सर," ती म्हणाली.

फोनचे बासष्ट रुपये झाले. बाहेर येऊन सुमन म्हणाली, "उद्या पहिल्या गाडीने पणजीला जा." मी "जातो" म्हटलं. वाटेत तिने बंदराजवळ खाजं घेतलं, दहा रुपयांचं, दर्शनासाठी. आल्याचा वास येणारी ती गुळाची कांडी दर्शनाने खाल्ली, आणि निम्मी परत सुमनच्याच हातात ठेवली.

झोपताना माझ्या डोक्यात मात्र एक वेगळंच चक्र फिरत होतं. पणजीला जाणारा रस्ता कुडाळ, सावंतवाडी, बांदा असा महामार्गाने जातो. वाटेत मोठी दुकानं आहेत, कार्डाची मशीनं असणार. एखादं गिऱ्हाईक रोख पैसे देऊन काही घेत असेल, तर त्याचं बिल मी कार्डावर भरायचं आणि त्याची रोकड आपण घ्यायची. गिऱ्हाइकाचं नुकसान नाही, दुकानदाराचं नाही, आणि मला पन्नास दिवस बिनव्याजी. तीनशे रुपये वाचले! इतकी सुंदर युक्ती मला सुचली म्हणून मी अंधारात स्वतःशीच हसलो. सुमनला सांगितलं नाही, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

गुरुवार, कुडाळ आणि बांदा

सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो. कुडाळला उतरलो तेव्हा साडेआठ झाले होते. तिथून सरळ पणजीची गाडी धरली असती, तर बारापर्यंत मी बँकेच्या खिडकीसमोर असतो. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मी बाजारात शिरलो. दुकानं उघडेपर्यंत दहा वाजले. कापडाच्या एका मोठ्या दुकानात मशीन होतं, पण मालक म्हणाले, "ते आमचा भाचा चालवतो, आणि तो आज गोव्याला गेलाय. संध्याकाळपर्यंत बसा." दुसरीकडे मशीनवर प्लास्टिकचं फडकं आणि फडक्यावर धूळ. तिसरीकडे, मालकाने माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "कार्ड तुमचंच ना?" महामार्गावरच्या एका लॉजचा मॅनेजर मात्र चटकन समजला. "करून देतो की. तीन हजारांचं मशीन मारा, मी सत्तावीसशे देतो."

म्हणजे पुन्हा तीनशेच. बँकेला द्यायचे ते याला का द्यायचे? मी ताठ मानेने बाहेर पडलो. ताठ मानेने बाहेर पडायला मला नेहमीच आवडतं, आणि दर वेळी ते महाग पडतं.

घड्याळात पाहिलं, सव्वाबारा. गाडी मिळायला अर्धा तास गेला. सावंतवाडीला ती चहासाठी थांबली. बांद्याला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पणजीची खिडकी बंद झाली होती.

स्टँडवर उभ्या उभ्या मी बोटांवर हिशेब केला. तीनशे रुपये वाचवायला मी एका मुलीचं वर्ष पणाला लावलं होतं, आणि ते माझं वर्षही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतली चूक शोधली, ही माझी चूक कोणी लाल शाईने दाखवायचीही गरज नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. देवबागला रिकाम्या हाताने जाऊन दर्शनाच्या समोर बसायचं, आणि ती विचारणार, काका, सोलकढी घेतास?

बांदा हे गोव्याच्या वेशीवरचं बाजाराचं गाव. गोव्याला जाणारे-येणारे तिथे थांबतात, त्यामुळे चांगली दुकानं आहेत. शोधत शोधत मी एका सोनाराच्या पेढीवर पोचलो. काचेच्या कपाटाजवळ कार्डाचं मशीन होतं आणि त्यावर धूळ नव्हती. शेट वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी त्यांना सरळच विचारलं.

"नाही हो," ते म्हणाले. "वस्तू विकल्याशिवाय मशीन चालवणं बरोबर नाही. तुम्ही काही घ्या, मी आनंदाने चालवतो."

समोरच्या गादीवर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर कापडी पिशवी. जवळच्याच गावातल्या, काजूची बाग असलेल्या. लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं, त्याचं सोनं घ्यायला आल्या होत्या. शेट त्यांना काकी म्हणत होते, म्हणून मीही काकी म्हटलं, आणि माझी युक्ती त्यांना समजावून सांगितली. मग युक्ती बाजूला ठेवून दर्शनाचं सांगितलं. पत्र, शुक्रवार, पाकीट, सगळं.

काकींनी पिशवी आणखी घट्ट धरली. "गाव खंयचा तुमचा?"

"पुणं."

"पुण्याक सगळेच ऱ्हवतत. मूळ गाव खंयचा?"

"पुणंच."

त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "त्या चेडवाच्या आवशीचा नाव काय?"

"शालन."

"तिचा म्हायार खंयचा?"

मला माहीत नव्हतं.

"सहा दिस तिच्या हातचा जेवलास," काकी म्हणाल्या, "आणि तिचा म्हायार खंयचा ता इचारूक नाय तुमी?"

आमच्याकडे शेजारच्या ब्लॉकमधल्या बाईंचं माहेर विचारायलाही दहा वर्षं लागतात, आणि विचारलं तर त्या म्हणतात, तुम्हाला काय करायचंय. हे मी काकींना सांगितलं नाही. मान खाली घालून उभा राहिलो. वाटलं, संपलं.

काकी शेटकडे वळल्या. "शेटनू, माणूस खरो आसा."

"कशावरनं?" शेटनी चष्म्यावरून पाहिलं.

"फशिवणारो आसतो तर म्हायाराचा नाव पाठ करून इलो आसतो."

मी चौतीस वर्षं हिशेबाच्या कचेरीत काढली, पण खऱ्या-खोट्याची अशी तपासणी कधी पाहिली नव्हती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. काकींनी पिशवी उघडली. आत रुमालात बांधलेल्या नोटा होत्या. कपाटावर त्यांनी निवडलेले दोन जिन्नस ठेवलेले, लेकीचं डोरलं आणि जावयाची अंगठी. डोरलं म्हणजे मंगळसूत्र. मी उत्साहाने डोरल्याकडे बोट केलं. "यातले तीन हजार माझ्या कार्डावर घालू या."

काकींनी डोरलं झटकन आपल्याकडे ओढलं. "नाय हां! डोरला आमच्याच काजीच्या पयशाचा व्हया. दुसऱ्याच्या पयशाचा डोरला मी चेडवाच्या गळ्यात घालूचंय नाय."

"काकी, पैसे तुमचेच. फक्त तुमची रोकड माझ्याकडे येईल आणि शेटना बँक पैसे देईल."

"म्हणजे बँकेचा डोरला?" काकी शहारल्या. "नको रे बाबा."

मी पुन्हा समजावलं. शेटनीही समजावलं. काकींना हिशेब आमच्या दोघांपेक्षा चांगला कळत होता, अडचण हिशेबाची नव्हतीच. ते डोरलं कोणाच्या घामाचं, याला त्यांच्याकडे किंमत होती, आणि ती किंमत कार्डावर जात नव्हती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी समजावणं सोडून दिलं. साडेतीन वाजून गेले होते.

काकी विचार करत होत्या. मग त्यांनी अंगठी उचलून माझ्यासमोर ठेवली. "ही घ्या. आंगठी आयेरातली. आयेर कोणीय करूचो."

अर्ध्या तोळ्याची अंगठी, मजुरीसकट तीन हजार चाळीस. कार्डावर दोन टक्के जास्त पडतात, शेट म्हणाले. म्हणजे साठ रुपये. मी आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दाने कटकट न करता दोन टक्के मान्य केले.

"पण एक सांगतंय," काकी म्हणाल्या. "मांडवात लोक इचारतले आंगठी कोणाची. मी तुमचा नाव सांगतलंय. लग्नाक येवचा लागतला, बायकोक घेवन."

"पण काकी, अंगठीचे पैसे तुम्हीच देताय मला."

"कळता माका. पयशे माजे. पण हात तुमचो लागलो."

मी हो म्हटलं. पुढे आम्ही त्या लग्नाला गेलो, आणि मला मांडवात वराच्या मामांच्या शेजारी बसवलं होतं, एवढं इथेच सांगून टाकतो.

मशीन चालेना. ते फोनच्या तारेवर चालायचं आणि वरच्या माडीवर शेटच्या सौभाग्यवती फोनवर बोलत होत्या. शेटनी जिन्याखालून हाक मारली. वरून आवाज आला, "वायच थांबा, माजी भयण आसा!" आम्ही तिघं डोक्यावरचा पंखा बघत बसलो. काकींनी पिशवीतून भाजलेले काजू काढून मला दिले, मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे त्यांना कसं कळलं देव जाणे. वीस मिनिटांनी बहिणीची खुशाली संपली, मशीन किरकिरलं, आणि त्यातून चिठ्ठी बाहेर आली. मी सही केली. काकींनी रुमालातल्या तीस नोटा आणि वर चाळीस रुपये माझ्या तळहातावर ठेवले. नोटांना काजूचा वास होता.

परतीला सावंतवाडीची गाडी उशिरा आली, कुडाळची भरलेली आली आणि मालवणहून देवबागची शेवटची निघून गेली होती. तारकर्लीपर्यंत सहा आसनी रिक्षा मिळाली, पुढे गुडघ्यांना समजावत चालत गेलो. घराच्या दारात सगळेच उभे होते. मी पैसे शालनवहिनींच्या हातात दिले. त्यांनी ते न मोजता देवापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "पाय धुवन घ्या, जेवान थंड झाला."

खोलीत सुमनला मी सगळं कबूल केलं. पणजी, कुडाळ, ताठ मान. तिने पिशवीतून तेलाची बाटली शोधून काढली. मग म्हणाली, "मग, वाचले का तीनशे?"

"साठ गेले."

ती हसली, आणि मग तिने माझ्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. तिला माझा राग आला होता हे मला तिच्या हातांवरून कळत होतं, आणि तरी ते हात थांबले नाहीत.

शुक्रवार, ओरोस

दर्शनाबरोबर मी गेलो. जायची गरज नव्हती, पण मला ती पावती डोळ्यांनी बघायची होती. ओरोसला सगळी सरकारी ऑफिसं एका मोठ्या माळावर ऐसपैस पसरलेली. योग्य खिडकी सापडेपर्यंत आम्ही तीन इमारती हिंडलो. कारकुनाशी दर्शना एकदम शुद्ध मराठीत बोलू लागली, "साहेब, माझं नाव प्रतीक्षा यादीतून वर आलं आहे, फी भरायची आहे." मी तिच्याकडे बघतच राहिलो. पत्र, दाखला, पैसे. कारकुनाने नोटा मोजल्या, शिक्का मारला, पावती फाडली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. दर्शना पावती उलटसुलट करून बघत होती. मला राहवेना.

"दर्शना, तुला एक सांगायचंय. काल दुपारीच हे पैसे मिळाले असते. मी पणजीला गेलो असतो तर. बँकेचे तीनशे रुपये वाचवायला मी कुडाळात हिंडत बसलो. तुझी जागा गेली असती माझ्यामुळे."

"माका ठावक आसा. मावशेन सकाळी सांगल्यानी." मावशी म्हणजे सुमन.

"मग तुला राग नाही आला?"

तिने मान हलवली. "काल दिवे लागले तरी तुमी येवक नाय. मगे बाबांनी तुळशीकडे नारळ ठेवन गाऱ्हाणा घातल्यानी."

गाऱ्हाणं म्हणजे त्या बाजूची देवापुढची विनवणी. घरातला मोठा माणूस मोठ्याने, बारीकसारीक तपशिलासकट देवाला सगळं सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात.

"काय सांगितलं त्यांनी?"

"बा देवा म्हाराजा, पावणो घाटावरचो आसा, तेका आमची वाट ठावक नाय. तेचे गुडघे दुखतत. तेच्या बायकोचा मोठा ऑपरेशन झाला हा, ती दारात बसलीहा. तेका सुखरूप घराक घेवन ये. आमी सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटला. मावशेन पण."

पायऱ्यांसमोर एक एसटी वळण घेत होती, तिच्याकडे मी उगाच बघत राहिलो. मग विचारलं, "आणि फीचं? फीचं काय मागितलं देवाकडे?"

दर्शना पावतीची घडी घालता घालता थांबली. तिने आठवून पाहिलं. मग एकदम तिचा हात तोंडावर गेला आणि ती हसायला लागली.

"काका, ता सांगूचाच ऱ्हवला."